पाण्यात फुटलेला पाय : वरळीचा बेडूक आणि मांगलीची कवटी

मुंबईतल्या नायगाव, परळ, लालबाग या भागाशी आपल्या खेड्यांचे नाते जुने आहे. गिरण्या चालू होत्या त्या काळात कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस तिकडे कामाला असे. नायगावच्या बी. डी. डी. चाळीत कोणाचा मामा, कोणाचा थोरला भाऊ. तशाच चाळी वरळीलाही होत्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या एकाच विकास खात्याने त्या बांधल्या. नायगावहून पश्चिमेला थोडे किलोमीटर गेले की वरळीची टेकडी लागते. या टेकडीच्या पोटातून दगड झालेले बेडूक निघाले होते, ही गोष्ट मात्र तिथे आयुष्य काढलेल्यांनाही बहुधा ठाऊक नसेल.

बेडूक ही काय सांगण्यासारखी गोष्ट, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, माशाचा पर जाऊन बैलाचा पाय आणि माणसाचा हात कसा आला, हे ज्या दगडांवरून उलगडले, त्यांपैकी काही आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले आहेत. आपण विहीर खणतो, बांध घालतो, मुरूम काढतो तेव्हा असे दगड आपल्याच हाती पहिल्यांदा येतात. म्हणून ही हकिगत शेतकऱ्याच्या घरात माहीत असायला हवी.

दोन लाव्हांच्या मधले तळे

आपला काळा फत्तर म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा तप्त रस बाहेर आला आणि थरावर थर चढत गेले. हाच फत्तर झिजून आपली कापसाची काळी जमीन झाली. पण हे थर एका दमात आले नाहीत. एक थर आल्यावर मध्ये बराच काळ शांततेचा जाई. त्या काळात पाऊस पडे, खोलगट जागी पाणी साठे, झाडेझुडपे उगवत, जीवजंतू वाढत. मग पुन्हा लाव्हा येई आणि ते तळे गाळासकट झाकून टाकी.

वरळीला असेच झाले. वर काळ्या पाषाणाची टोपी आणि खाली तळ्याच्या गाळाचा थर. त्या गाळात लहानखुऱ्या बेडकांचे सांगाडे एकापाशी एक असे सापडले. हाडे दगडाची झालेली, पण पाय दुमडलेले स्पष्ट दिसतात. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात. त्याच थरात गोड्या पाण्यातले कासवही मिळाले. १८५२ मध्ये डॉ. कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूगर्भावर लिहिताना त्याचे वर्णन केले. म्हणजे आज जिथे समुद्राचे खारे वारे येतात, तिथे एके काळी गोड्या पाण्याचे तळे होते.

वरळीच्या बेडकाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४७ मध्ये लंडनला रिचर्ड ओवेन यांनी केले. हे हाडांचे मोठे पंडित. ‘डायनोसॉर’ हा शब्दही त्यांनीच १८४२ मध्ये घडवला. या बेडकाला त्यांनी ‘राना पुसिला’ म्हणजे ‘चिमुकला बेडूक’ असे नाव दिले. पुढे १९३० मध्ये न्यूयॉर्कचे जी. के. नोबल यांनी सांगाडे पुन्हा तपासले. आपल्या नेहमीच्या बेडकांच्या कुळात हा बसत नाही असे त्यांना दिसले, म्हणून त्यांनी त्याला ‘इंडोबॅट्रॅकस’ म्हणजे ‘भारतीय बेडूक’ हे वेगळे नाव दिले.

कोटी वर्षे म्हणजे किती याचा अंदाज आपल्याला लागत नाही. एक सोपा हिशेब करू. एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरा. मग शिवरायांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंतचा काळ दीड वीत भरतो. त्याच मापाने वरळीचा बेडूक ६५ किलोमीटर मागे जातो. आणि आता ज्या प्राण्याकडे जायचे तो २५० किलोमीटर मागे आहे.

हिस्लॉप साहेब आणि मांगलीचा दगड

बेडकाचे जीवन आपण दरवर्षी पाहतो. मृगाचा पाऊस झाला की डबक्यात अंड्यांचा बुळबुळीत पुंजका दिसतो. त्यातून शेपटीवाले बेडूकमासे निघतात आणि माशासारखे कल्ल्यांनी श्वास घेतात. काही आठवड्यांत मागचे पाय फुटतात, मग पुढचे, शेपटी आटते, फुप्फुसे तयार होतात आणि पिल्लू काठावर उडी मारते. पाण्यात आणि जमिनीवर असा दोन्हीकडे ज्यांचा संसार, त्या प्राण्यांना उभयचर म्हणतात. साहजिकच विचारावेसे वाटते, की या उभयचरांचे पूर्वज कोण आणि कसे होते?

याचा एक धागा विदर्भात मिळाला. तो शोधणारे स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. जन्म १८१७ चा. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईला उतरले आणि पुढच्या वर्षी नागपूर भागात पोहोचले. तेव्हा नागपूरला भोसल्यांचे राज्य होते. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. आज तिथले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने चालते. शिकवणे आणि धर्मप्रचार हे त्यांचे काम. त्या कामासाठी गावोगाव फिरताना त्यांची नजर दगडांवर असे. गावातल्या भिंतीचा दगड कोणत्या खाणीतून आला, विहिरीत कोणत्या थराखाली कोणता थर लागला, हे ते टिपून ठेवीत. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर भागाच्या भूगर्भावर लिहिलेला लेख १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात छापून आला.

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूरच्या बाजूला मांगली नावाचे गाव आहे. तिथल्या वाळूच्या दगडात एक चपटी, रुंद कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि १८५५ मध्ये तिचे वर्णन पुन्हा त्याच ओवेन यांनी केले. त्यांनी तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ म्हणजे ‘आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा’ असे नाव दिले. हा प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. कवटी आज लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. त्याच दगडात शिंपल्यासारखे कवच असलेल्या एका बारीक जलजीवाचे ठसे होते. १८६२ मध्ये त्याला मांगली गावाचेच नाव मिळाले, ‘एस्थेरिया मांगलिएन्सिस’. आपल्या एका खेड्याचे नाव असे जगभरच्या शास्त्रग्रंथांत गेले.

मांगलीचा प्राणी ज्या मोठ्या गटातला, त्या गटातले प्राणी पाण्यात मगरीसारखे दबा धरून राहत. त्यांना चार पाय होते. त्यांचा दात आडवा कापला तर आत चक्रव्यूहासारख्या घड्या दिसतात. आता गंमत पाहा. अशाच घड्यांचे दात त्यांच्याही आधीच्या काही माशांमध्ये आढळतात. पाय प्राण्याचे आणि दात माशाच्या वळणाचे! घरात आजीचे नाक नातवाला यावे तशी ही खूण. आजच्या बेडकांचे मूळही बहुतेक अभ्यासक याच मोठ्या कुळात धरतात. म्हणजे मांगलीची कवटी आणि वरळीचा बेडूक हे एकाच भावकीतले, फक्त पिढ्या कोट्यवधी वर्षांच्या.

हिस्लॉप साहेबांचा शेवट अकाली झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून ते घोड्यावरून परतत होते. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. त्यातच ते वाहून गेले. वय अवघे ४५. पण कोणता दगड कुठल्या गावच्या कोणत्या थरातला, हे त्यांनी लिहून ठेवले होते. म्हणून त्यांच्यामागे काम थांबले नाही.

माशांची भावकी

मासे सगळे सारखे दिसले तरी त्यांच्यात दोन मोठी घराणी आहेत. रोहू, कटला, मरळ, पापलेट या माशांचा पर पंख्यासारखा असतो. पातळ पडदा आणि आत काड्या. दुसऱ्या घराण्यातल्या माशांचा पर मांसल असतो आणि त्याच्या आत हाडे असतात. पहिले घराणे भरभराटीला आले. दुसऱ्यातले मासे आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. पण आपण चार पायांचे प्राणी त्या दुसऱ्या घराण्यातूनच निघालो.

या दोन्ही घराण्यांचे दगडातले पुरावे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात आहेत. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाच्या बाजूला प्राणहितेकाठी कोटा गाव आहे. तिथल्या चुनखडीत मिळालेल्या माशाचा वृत्तांत कर्नल साइक्स यांनी १८५१ मध्ये लंडनच्या मंडळापुढे ठेवला. अंगावर चौकटीसारखे चकचकीत जाड खवले असलेला हा मासा ‘दख्खनचा लेपिडोटस’ म्हणून ओळखला गेला. तो पहिल्या, म्हणजे काड्यांच्या पराच्या घराण्यातला. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, मलेरीला माशाचे कंगोरेदार, पाट्यासारखे दात मिळाले. १८५९ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांनी ते ओळखले. ते दुसऱ्या घराण्यातल्या, फुप्फुस असलेल्या माशाचे होते.

हा फुप्फुसमासा आजही ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आहे. आफ्रिकेतला मासा तर तळे आटले की गाळात स्वतःला गाडून घेतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो. आज जिवंत असलेल्या माशांत चार पायांच्या प्राण्यांना सर्वांत जवळचा नातेवाईक हाच.

पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने या खोऱ्याचा अभ्यास हाती घेतला. संस्थेचे प्रमुख प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या पामेला रॉबिन्सन या विदुषींना बोलावून घेतले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संशोधकांची फळी तयार झाली. सोहनलाल जैन यांनी मलेरीच्या फुप्फुसमाशावर आणि कोट्याच्या माशांवर अनेक वर्षे काम केले. याच मंडळींना सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीजवळ एका अजस्र डायनोसॉरची शेकडो हाडे मिळाली. ‘बारापासॉरस टागोराय’ हे त्याचे नाव १९७५ मध्ये जाहीर झाले. त्यातला ‘बारा पा’ म्हणजे ‘बडा पाय’. त्याचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याला त्या संस्थेत आहे.

पाय आधी, चालणे नंतर

आता मुख्य प्रश्न. माशाला पाय फुटले कसे? पूर्वी असे मानत, की तळी आटू लागली तेव्हा मासे फरफटत दुसऱ्या पाण्याकडे निघाले आणि चालता चालता परांचे पाय झाले. आपल्यालाही ते पटते. वलगणीच्या दिवसांत मासे ओढ्याने चढून शेतात येतात. मरळ आणि मागूर ओल्या चिखलात हवेवर बराच वेळ तग धरतात. खाडीच्या चिखलात निवटी परांवर उड्या मारते. पण हे आपले मासे काड्यांच्या पराच्या घराण्यातले. त्यांनी हवेवर जगण्याची युक्ती स्वतंत्रपणे कमावली आहे. ते आपले पूर्वज नव्हेत.

या प्रश्नाचा उलगडा करण्यात जेनिफर क्लॅक या इंग्लंडच्या विदुषींचा वाटा फार मोठा. जन्म १९४७. आरंभी त्या बर्मिंगहॅमच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी करीत. पुढे संशोधनाकडे वळल्या आणि १९८१ पासून केंब्रिजच्या प्राणी संग्रहालयात काम करू लागल्या. ग्रीनलँडच्या बर्फाळ मुलखात जुन्या चतुष्पादांची हाडे आहेत, हे आधीच्या मोहिमांवरून ठाऊक होते. पण एवढ्या मोठ्या मुलखात नेमके शोधायचे कुठे? सुमारे १९७० साली तिकडे गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या टिपणवहीत क्लॅकबाईंना नोंद सापडली, की अमुक डोंगरावर अमुक उंचीला अशी हाडे पुष्कळ आहेत. त्या नोंदीच्या आधाराने १९८७ मध्ये त्या तिथे गेल्या आणि ‘अकॅन्थोस्टेगा’ या प्राण्याचे उत्तम सांगाडे घेऊन आल्या.

हा प्राणी सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा. दगड सुईने कोरून हाडे मोकळी केली तेव्हा पुढच्या पायाला बोटे निघाली आठ! १९९० मध्ये क्लॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल कोट्स यांनी हे प्रसिद्ध केले. चतुष्पादांना मुळापासून पाचच बोटे, ही समजूत तिथेच मोडली. त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. या प्राण्याला पाय होते, बोटे होती, पण कल्लेही होते आणि शेपटीला माशासारखा पर होता. पाय अंगाचा भार पेलण्याजोगे नव्हते. म्हणजे तो पाण्यातच राहत होता. पाणवनस्पतींच्या गचपणातून वाट काढायला, तळाला पकडून राहायला ते पाय उपयोगी पडत असावेत. पाय पाण्यात फुटले आणि चालण्याच्या कामी ते नंतर आले.

त्याच्याही मागची पायरी २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाला मिळाली. साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा ‘टिकटालिक’. खवले आणि पर माशाचे, पण त्याला मान वळवता येत होती आणि परात मनगटासारखी हाडे होती. २००६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. क्लॅकबाई २०२० मध्ये वारल्या, पण चतुष्पादांच्या आरंभाचा अभ्यास करणारा आज कोणीही त्यांच्या कामावाचून पुढे जाऊ शकत नाही.

घरबसल्या हे पडताळून पाहता येते. आपला हात चाचपा. दंडात एक हाड, त्याखाली दोन, मग मनगटातली बारकी हाडे, मग बोटे. बेडकाच्या पायात हाच क्रम आहे, फक्त त्याची खालची दोन हाडे एकमेकांना जुळली आहेत. वटवाघळाच्या पंखात हाच क्रम, कोंबडीच्या पंखात हाच. गोठ्यातल्या बैलाचा पाय बघा. तो ज्या दोन खुरांवर उभा राहतो ती त्याची तिसरी आणि चौथी बोटे. खुरांच्या मागे थोड्या वर ज्या दोन छोट्या खुऱ्या लोंबतात, त्या दुसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या खुणा. अंगठा नाहीसा झाला. नांगराला जुंपलेल्या बैलाचा पाय आणि कासरा धरणारा हात एकाच जुन्या पराची वाटणी आहे.

शेतातला दगड

हे सगळे कशावरून कळले? दगडावरून, आणि तो दगड कुठे होता या नोंदीवरून. गट नंबर नसलेला सातबारा जसा कामाचा नाही, तसा ठिकाण ठाऊक नसलेला जीवाश्म. सुट्या हाडाला किंमत थोडी. ते कोणत्या थरात, किती खोल, कशाच्या शेजारी होते यात खरे मोल.

चंद्रपूर जिल्ह्यातले वरोरा तालुक्यातले पिसदुरा याचे चांगले उदाहरण आहे. तिथल्या शेतांत दगडी गोळे पसरलेले मिळतात. ते आहेत मोठ्या प्राण्यांचे दगड झालेले शेण. या गोळ्यांतून डॉ. वंदना प्रसाद, डॉ. अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी गवताचे सूक्ष्म कण शोधून काढले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केले. डायनोसॉरांच्या काळात गवत होते, हे त्यावरून सिद्ध झाले. २०११ मध्ये याच अभ्यासातून भाताच्या कुळातल्या गवताचाही माग लागला. शेतकरी बांधावर फेकतो त्या गोळ्यात भाताच्या पूर्वजांची नोंद निघाली!

वरळीची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे आता इमारती आणि रस्ते आहेत. तळ्याचा तो थर पुन्हा उघडून पाहायला जागा उरलेली नाही. जे त्या वेळी कोणी उचलून जपले तेवढेच राहिले. माझ्या नोकरीत विहिरींची खोदकामे मी पुष्कळ पाहिली. फत्तर फोडताना मधे मऊ, पातळ पापुद्र्यांचा किंवा हिरवट-तांबूस मातीचा थर लागला की मजूर खूश होतात, कारण काम हलके होते. नेमका तोच थर जीवाश्मांचा असण्याचा संभव जास्त. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. दगडात हाड, दात, खवला, शिंपला, पान किंवा लाकडाच्या रेषा दिसल्या तर तो दगड फोडू नये, घासून धुऊ नये.

२. शक्य तर जागेवरच ठेवावा. काढावाच लागला तर आधी मोबाईलवर फोटो घ्यावा. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो.

३. गाव, गट नंबर, जमिनीपासून खोली, वरच्या आणि खालच्या थराचा रंग, तारीख हे सगळे वहीत लिहावे. घरातली शाळकरी मुले हे काम हौसेने करतात.

४. तलाठी किंवा कृषी सहायकाला सांगावे. जवळच्या महाविद्यालयातील भूगर्भशास्त्र विभागाला कळवावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय नागपूरला आहे, त्यांच्याकडेही कळवता येते.

५. गुप्तधन समजून रात्री उकरू नये, आणि कोणी पैसे देऊ केले म्हणून विकू नये. विकलेला दगड ठिकाण विसरतो.

सिरोंचाजवळ वडधम येथे वनखात्याने जीवाश्म उद्यान केले आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या शाळांनी सहल काढायला ते चांगले ठिकाण. इतरांनी निदान यंदाच्या पावसाळ्यात मुलांना डबक्याकाठी न्यावे आणि बेडूकमाशाला पाय फुटताना दाखवावेत. मागचे पाय फुटलेला, पण अजून शेपटी हलवीत पाण्यातच फिरणारा बेडूकमासा दिसला, की पाय आधी आणि चालणे नंतर म्हणजे काय, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.